एकशे वीस मीटर रस्ता आणि दाराचा ठोकळा

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी, आणि माझं पत्र हातात धरायचं नाही अशी शपथ दाजींनी घेतल्यामुळे हे पत्र फोडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ताईलाही, धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ढेकळाचा, साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठणठणीत. तुमच्या गुडघ्याचं काय? जिना चढताना अजून वाजतो का? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता की आठवण आली की दोन एकदम? विचारायचं कारण असं की या पत्रात पुढे एकदोन ठिकाणी रक्तदाब चढायचा संभव आहे. तेव्हा आजची गोळी राहिली असेल तर ताईने आधी ती द्यावी, वर पेलाभर पाणी द्यावं आणि मगच पुढे वाचावं. (ताई, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही. असं वाकडं चिन्ह दिसलं की मनात वाचायचं आणि चेहरा होता तसाच ठेवायचा. तुला लहानपणापासून चेहरा ठेवता येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.)

दाजी, आपल्यातलं बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं. चूक माझी होती, हे मी मान्य करतो. निदान अर्धी तरी. भाचीच्या लग्नात, पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये, तुमच्या वेल्डिंगच्या गॅसच्या कारखान्याचा विषय निघाला आणि 'आमचे दाजी गॅस विकतात आणि वास फुकट वाटतात' असं मी बोलून गेलो. व्याही हसले नसते तर ते वाक्य तिथेच विरलं असतं. पण ते हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला, त्यांच्या पाठीवर चौघांनी थापा मारल्या आणि 'काय झालं, काय झालं' करत ते वाक्य हॉलभर फिरून आलं. गॅस काढून झाल्यावर पांढरा गाळ उरतो, तो तुम्ही वीस वर्षं कारखान्याच्या मागच्या अंगाला टाकत आलात, त्याचा आता दुमजली डोंगर झालाय आणि ओला झाला की त्याला सोललेल्या लसणासारखा वास सुटतो, हे सगळं जगाला ठाऊक आहे. पण जगाला ठाऊक असलेली गोष्ट लग्नात बोलायची नसते, ही अक्कल मला दुसऱ्या दिवशी आली. त्यावर तुम्ही काय केलंत? त्याच गाळाची एक वाळकी गोणी टेम्पोत घालून थेट माझ्या ऑफिसात धाडलीत, आणि वर चिठ्ठी: 'तुम्हाला माती चिवडायची हौस आहे ना? ही घ्या, जन्मभर चिवडा.' टेम्पोवाल्याने ती चिठ्ठी व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचली. त्याला वाटलं, तशीच पद्धत असेल. तेव्हा आपली फिट्टंफाट झाली असं मी धरून चालतो. झालं गेलं विसरून जाऊ.

तर आनंदाची बातमी अशी की तुमचा हा मेहुणा, ज्याला तुम्ही सत्तावीस वर्षं 'मातीतला माणूस' म्हणून ओळख करून देत आलात (आणि ओळख करून देताना डोळा मारत आलात), तो जिंकला. नुसता जिंकला नाही, वाजतगाजत जिंकला. मोठ्या साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझा हात हातात घेतला. तो हात मी त्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत धुतला नाही, आणि नंतरही बायकोने हटकलं म्हणूनच धुतला.

पण ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी, कारण मी नक्की काय काम करतो हे तुम्ही आजवर विचारलेलं नाही. रस्ता म्हणजे वरचं डांबर, असं लोकांना वाटतं. डांबर हा नुसता सदरा. अंगात ताकद हवी ती खालच्या मातीत. आमच्याकडची माती काळी, चिकट आणि स्वभावाने, राग मानू नका, थेट आपल्या थोरल्या आत्यासारखी: पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की तडकते, आणि कुठल्याही हवेत वरच्याला सुखाने बसू देत नाही. अशा मातीवर केलेला रस्ता वर्षभरात लाटा मारायला लागतो. आमच्या ऑफिसच्या मागे पत्र्याची एक लांब खोली आहे. तिथे दोन टेबलं, माती वाळवायची भट्टी, खिळ्यांना टांगलेल्या चाळण्या आणि मातीचे ठोकळे दाबून फोडायचं, घड्याळासारखी तबकडी असलेलं एक यंत्र. ही आमची माती तपासायची प्रयोगशाळा. माणसं दोन. एक मी आणि दुसरे मुकादम. मुकादम तीस वर्षं हाताने माती कालवतायत. मुठीत माती धरली की पाण्याचं प्रमाण सांगतात आणि मग मी भट्टीत वाळवून, वजन करून, दीड दिवसाने तोच आकडा रजिस्टरमध्ये लिहितो.

आता आमच्या गावातला इस्पितळाचा रस्ता. त्यातला एकशे वीस मीटरचा एक तुकडा असा काही खचायचा, की रुग्णवाहिकेतला पेशंट तिथे पोचेपर्यंत आडवा असला तरी पुढे बसूनच जायचा. दर वर्षी आम्ही तो खणायचा, दर वर्षी भरायचा. मी दोन वर्षं साहेबांच्या मागे लागलो होतो की ही माती उपसून फेकू नका, हिलाच सुधारू. वीजकेंद्राच्या धुराड्याची राख डोंगराने पडून आहे, नेणाऱ्याला ते वर नमस्कार करतात. ती राख मातीत कालवू. कल्पना झकास होती. फक्त ठोकळे टिकत नव्हते. राख घातलेला ठोकळा दिसायला देखणा, पण पाण्यात ठेवला की चहातल्या बिस्किटासारखा मान टाकायचा. असे त्रेसष्ट ठोकळे आम्ही केले, त्रेसष्टांचं वजन-माप रजिस्टरमध्ये लिहिलं आणि त्रेसष्ट वेळा शेरा मारला: 'विरघळला.' तरी मी हटलो नाही. (बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, हटायला जागा कुठे होती, मागे भिंत होती.)

अशात तो बूटवाला उगवला. हा एका मोठ्या कंपनीचा माणूस. त्याचे बूट इतके चकचकीत, की त्याने जन्मात कधी मातीवर पाय ठेवला नसावा हे मी दारातच ओळखलं. त्याने साहेबांना पटवलं की लांबच्या डोंगरातून दगड आणू, माती सगळी फेकून देऊ, तपासणीही आमचीच कंपनी करेल. तुम्हाला ही पत्र्याची खोली ठेवायचं कारणच काय? साहेबांनाही कारण सुचेना. ठरलं की प्रयोगशाळा बंद. मुकादम भांडारात खिळे मोजायला आणि मी आवक-जावकच्या टेबलावर, शिक्के मारायला. दाजी, माझी दोन वर्षं नोकरी उरलीय. ती मी कुठेही काढली असती. पण मुकादमांनी तो हुकूम ऐकला आणि हात धुवायला गेले, ते पाऊण तास धूतच राहिले. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.

हुकमाचा कागद घेऊन साहेब स्वतः आमच्या खोलीत आले, मागे बूटवाला. आणि इथे तुम्हाला मुकादमांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुकादम काहीही फेकत नाहीत. आठवडा संपला की टेबलावरचं, पातेल्यांतलं, जमिनीवर सांडलेलं असं सगळं उरलंसुरलं ते झाडून गोळा करतात, पाणी मारतात आणि एका साच्यात ठोकून त्याचा एक बेवारशी ठोकळा करतात. त्याची नोंद नाही, नंबर नाही. कुठला कागदांवर वजन म्हणून जातो, कुठला टेबलाच्या पायाखाली, आणि असाच एक आमच्या दाराला लावलेला होता, कारण ते दार वाऱ्याने आपटतं. तर साहेब हुकूम वाचत वाचत आत आले आणि त्यांचा उजवा पाय, चपलेतून अर्धा बाहेर आलेला, त्या ठोकळ्यावर असा काही आदळला की हुकूम एकीकडे, चष्मा दुसरीकडे. साहेबांनी आधी आपल्या आईची आठवण काढली, मग ठोकळ्याच्या. मग रागाच्या भरात दुसऱ्या पायाने त्याला लाथ घातली, आणि दोन्ही पाय समसमान झाले.

'हा दगड दारात कुणी ठेवला?' साहेब गरजले. मुकादम म्हणाले, 'साहेब, दगड नाही तो. माती आहे.'

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दाजी, तो ठोकळा त्या दारात वर्षभर पडून होता! रोज सकाळी फरशी पुसणारी मावशी बादलीभर पाणी ओतायची, ते त्याच ठोकळ्यापाशी तुंबायचं. आमचे त्रेसष्ट नोंदणीकृत ठोकळे चार तासांत विरघळले, आणि हा बेवारशी वर्षभर पाण्यात बसून साहेबांचे दोन अंगठे सुजवतो! मी तो उचलला आणि सरळ यंत्रात घातला. आजवर काटा जिथे पोचला की ठोकळे फुटायचे, तिथे काटा पोचला, तो ओलांडला, त्याच्या दुप्पट गेला, तिप्पट गेला. बूटवाला घड्याळ बघायला लागला. शेवटी ठोकळ्याचा एक कोपरा टवका निघून उडाला आणि मुकादमांनी यंत्र बंद करून टाकलं. म्हणे, हा फुटला तर दाराला काय लावू? साहेब स्टुलावर बसून अंगठा चोळत होते. त्यांनी विचारलं, ही माती कशी केलीत, कृती आहे का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, आहे साहेब, रजिस्टरमध्ये आहे. (ताई, हे धादांत खोटं होतं हे तुला कळलंच. कंसात आहे, पुढे चल.) साहेब म्हणाले, दोन महिने देतो. इस्पितळाचे एकशे वीस मीटर करून दाखवा. भरलेले ट्रक गेल्यावर टिकला तर प्रयोगशाळा राहील, नाही तर हा कागद आहेच.

आणि मग खरी पंचाईत सुरू झाली, कारण त्या ठोकळ्यात काय होतं हे या पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. मुकादमांना विचारलं तर म्हणाले, सगळंच होतं. राख होती, माती होती, एकदा चहा सांडला होता तोही असेल. आम्ही सगळं करून पाहिलं. चहासुद्धा. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी तो उडालेला टवका रुमालात बांधून घरी आणला, खलबत्त्यात कुटला आणि वाटीत पाणी घालून ओट्यावर ठेवला, की बघू तरी काय तळाला बसतं. बायको आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. पाच मिनिटांनी तिथूनच तिचा आवाज आला, 'अगंबाई, दाजी आलेत का? चहा टाकू?'

दाजी, माझ्या हातातला चमचा खाली पडला.

तुमची गोणी! मुकादमांनी ती फेकली नव्हती. (ते फेकतात का काही?) ती भट्टीच्या मागे होती आणि साच्याला माती चिकटू नये म्हणून ते आतून तीच पांढरी पूड भुरभुरायचे, फरशी ओली झाली की तीच पसरायचे आणि शनिवारी ती सगळी झाडून त्या बेवारशी ठोकळ्यात जायची. म्हणजे आमच्या काळ्या मातीला हवी होती राख, आणि राखेला जागं करायला हवा होता तुमचा गाळ. ही त्रिमूर्ती एकत्र आली ती मुकादमांच्या झाडूमुळे. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचून जे शोधत होतो ते आमच्या केरात होतं. अर्थात केरात असलेली गोष्ट ओळखायलाही नजर लागते, हे साहेबांनी मागाहून भाषणात सांगितलं. (नजर नव्हे, नाक. आणि तेही बायकोचं. पण भाषणाच्या मध्ये कसं बोलणार?)

मग आम्ही प्रमाण शोधलं. मुकादमांचं माप म्हणजे कान तुटलेला एक चहाचा कप. सोळा कप माती, चार कप राख आणि एक कप तुमचा गाळ, हे जमलं. गाळ दोन कप केला तर मुकादमांचे तळवे सोलवटले आणि ठोकळ्याची ताकद तितकीच राहिली. अर्धा केला तर ठोकळा पुन्हा मान टाकतो. एक कप, सपाट, वर शीग नाही. हे मी रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं. आता रस्त्यासाठी हे साहित्य ट्रकाने लागणार होतं. माती जागेवरच होती, राख वीजकेंद्राने दिली, आणि गाळही मिळाला. तो कुठून मिळाला, हा तपशील इथे गौण आहे. (ताई, चेहरा.)

काम सुरू झालं तो दिवस मी विसरणार नाही. नांगरणीचा ट्रॅक्टर भाड्याने आणून माती राख-गाळात घोळवायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. ट्रॅक्टर सुरू झाला आणि वारा सुटला. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही अकरा जण असे राखाडी झालो की मजुरीसाठी नावं लिहिताना कुणाचं काय ते चेहऱ्यावरून कळेना, आवाज ऐकून लिहावी लागली. मग पाणी मारलं, गाळ ओला झाला आणि वास सुटला तो थेट इस्पितळात शिरला. दुसऱ्या मजल्यावरचे, चार दिवस अन्नाला शिवत नसलेले एक आजोबा उठून बसले आणि आज जेवायला काय केलंय म्हणून विचारू लागले. डॉक्टरांनी ते श्रेय औषधाला दिलं. मी वाद घातला नाही. घरी गेलो तर बायकोने दार उघडून मला बघितलं आणि बंद केलं. मग आतून विचारलं, कोण? मी नाव सांगितलं तर म्हणाली, पुरावा द्या.

पुढचे अठ्ठावीस दिवस नुसतं थांबायचं होतं. ओली पोती टाकायची, ओली ठेवायची आणि वाट बघायची. ही माती सावकाश आतून घट्ट होते, घाई केली तर रुसते. मी रोज सकाळी जाऊन पोत्यांखाली हात घालून बघायचो. इस्पितळाच्या दारातली फळवाली मला म्हणाली, आत कुणी आहे का हो तुमचं? मी म्हटलं, आत नाही, खाली आहे. तिने हळहळून मला एक केळं दिलं.

परीक्षेच्या दोन दिवस आधी पाण्याची मुख्य नळी फुटली. कुठे? नेमकी आमच्या तुकड्याच्या डोक्याशी. दीड दिवस एकशे वीस मीटरवर घोटाभर पाणी उभं होतं. बूटवाला छत्री घेऊन बघायला आला (पाऊस नव्हता, उगाच रुबाब) आणि मला म्हणाला, अरेरे. त्या 'अरेरे'ने माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी त्याला म्हटलं, साहेब, भरलेले ट्रक तुमच्याच कंपनीचे आणा, तुमच्याच दगडाने भरलेले, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. बोलून गेलो आणि मुकादमांकडे पाहिलं. मुकादम आकाशाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दहा ट्रक आले. सगळं ऑफिस गोळा झालं, इस्पितळाच्या खिडक्यांत माणसं, फळवाली खुर्ची घेऊन. दोन्ही अंगठ्यांना अजून पट्ट्या असलेले साहेब मध्ये. दाजी, पहिला ट्रक आमच्या तुकड्यावर चढला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. मुकादमांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की चार बोटांचे वळ अजून निळे आहेत. ट्रक गेला. दुसरा गेला. दहा ट्रक गेले, वळले, परत आले, असे पाच वेळा. साहेबांनी लांब पट्टी आडवी ठेवायला लावली आणि खाली फट किती ते बघायला स्वतः वाकले. काडेपेटीतली एक काडी खाली जाईना! आणि दाजी, देव आहे हो. शेवटच्या फेरीत बूटवाल्याचा सर्वात नवा ट्रक आमचा तुकडा ओलांडून पलीकडच्या जुन्या रस्त्यावर गेला आणि तिथे त्याचं मागचं चाक मातीत जे बसलं ते आसापर्यंत. दगड उतरवावा लागला. बूटवाला स्वतः उतरला, धक्का मारायला गेला आणि दोन्ही बूट तिथेच सोडून मोज्यांवर बाहेर आला. मुकादमांनी ते बूट काढून, धुऊन, त्याला नेऊन दिले. तीस वर्षांत मुकादम हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दोनच दात दिसले, पण दिसले.

साहेबांनी बंदीचा हुकूम तिथल्या तिथे फाडला आणि प्रयोगशाळा कायम केली. पुढच्या चार किलोमीटरचं काम आमच्याच कृतीने करायचं ठरलं. रजिस्टरमधल्या लाल शाईच्या नोंदीवर त्यांनी सही केली, आणि तो कान तुटलेला कप आता साहेबांच्या कपाटात कुलपात असतो. मुकादम चहा पेल्यातून पितात आणि कुरकुरतात. एवढं सगळं झाल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगावं असं वाटलं तर ते तुम्हाला, दाजी. बाकी कुणाच्या तोंडून 'शाब्बास' ऐकून माझं समाधान होत नाही. का होत नाही, ते मला विचारू नका. लहान होतो तेव्हा सायकल शिकवताना तुम्ही एकदा म्हणाला होतात, नंतर राहूनच गेलं.

तब्येतीला जपा. गुडघ्याला शेक घ्या. भाचीला आणि तिच्या नवऱ्याला आशीर्वाद. त्या व्याह्यांना नमस्कार सांगा, ठसका बरा असेल.

तुमचा,
ढेकूळ

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. चार किलोमीटरला तुमच्या मागच्या अंगाचा जवळजवळ अख्खा डोंगर लागणार आहे. तो डोंगर महिनाअखेर हलवा अशी तुम्हाला नोटीस आली आहे आणि तुम्ही तो जुन्या खाणीत पुरायला निघाला आहात, असं कळलं. दाजी, हात जोडतो, एक घमेलंसुद्धा हलवू नका! सगळा आम्ही आमच्या गाडीने नेतो. सोमवारी साहेब स्वतः डोंगर बघायला येतायत. त्यांना चपला काढायला लावू नका, अंगठे अजून हळवे आहेत.

ता. क. दुसरा. डोंगराला मागच्या बाजूने एक मोठा खड्डा पडलाय, आणि गाळ कोण चोरतं म्हणून तुम्ही राखणदाराला धारेवर धरलंत, असं ऐकतो. त्याला बोलू नका. ते दोन ट्रक आम्ही नेले. एका मंगळवारी दुपारी, तुमची वामकुक्षी चालू असताना. मागचं फाटक कुणी उघडलं, हे सांगायचं नाही अशी मी शपथ घेतली आहे. (ताई, आता मोठ्याने वाचणं थांबव, पत्र त्यांच्या हातात दे आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घे.)

ता. क. तिसरा. दाजी, आता तुम्ही स्वतः वाचताय ना? शपथ मोडली, चला, तेवढं एक काम झालं. ती नोटीस ज्या अर्जामुळे आली त्यावर तुमच्या शेजाऱ्यांच्या सह्या आहेत. पण त्यातला तिसरा परिच्छेद, 'सदर गाळ कोणत्याही उपयोगाचा नसून' असा सुरू होणारा, तो माझा. गोणीच्या रागात लिहिला. शेजाऱ्यांना एवढं शुद्ध लिहिता येत नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. दाजी, मी माती खाल्ली. ज्या वस्तूला मी निरुपयोगी म्हणून लिहून दिलं, तिनेच माझी आणि मुकादमांची लाज राखली. मला माफ करा. दीड वर्ष मला जेवण गोड लागलेलं नाही.

ता. क. चौथा. हे पत्र आणणाऱ्या माणसाजवळ एक पिशवी आहे. त्यात तो ठोकळा आहे, एक कोपरा उडालेला. मुकादमांनी स्वतः काढून दिला, आमच्या दाराला आता ते पाय लावून बसतात. तुमच्या घराच्या पुढच्या दाराला लावा. दार उघडं राहिलं तर रविवारी आम्ही दोघं जेवायला येतो.

ता. क. शेवटचा. ठोकळा सरकारी आहे, तेव्हा सोबतच्या पोचपावतीवर सही करून त्याच माणसाकडे द्यावी. पावती जरा लांबलचक वाटेल. चष्मा लावून वाचलीत तर खालच्या बारीक अक्षरांत डोंगर देण्याचं संमतीपत्रही दिसेल. दोन ट्रकसुद्धा त्यातच धरलेत. साक्षीदार म्हणून ताईची सही मी त्या मंगळवारीच कोऱ्या कागदावर घेऊन ठेवली आहे.